परसातल्या कोंबड्या आणि शेजार: काय आधी, काय नंतर

परसातल्या कोंबड्यांवरून शेजाऱ्यांत जी भांडणं होतात, त्यात बहुतेक वेळा चूक क्रमाची असते. आठवडी बाजारातून पिल्लं आधी घरी येतात. मग त्यांच्यासाठी पत्र्याचा आडोसा उभा राहतो, तोही शेजाऱ्याच्या कुंपणाला टेकून, कारण तेवढाच कोपरा रिकामा असतो. चार महिन्यांत पिल्लांतले निम्मे कोंबडे निघतात, पहाटे आरवायला लागतात, आणि शेजारी पहिल्यांदा दारात येतो तो तक्रार घेऊनच. तोवर खुराडं हलवता येत नाही आणि पक्ष्यांवर घरातल्या मुलांचा जीव जडलेला असतो.

क्रम उलटा हवा: आधी शेजारी, मग जागा, मग खुराडं आणि सगळ्यात शेवटी पक्षी. खाली दिलेले टप्पे तालुक्याच्या गावात किंवा शहराच्या कडेला, दोन-तीन गुंठ्यांच्या प्लॉटवर, घरच्या अंड्यांसाठी चार ते सहा कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी आहेत. फ्लॅटची बाल्कनी आणि सोसायटीची सामायिक गच्ची यांचा विचारच करू नका. तिथे वास आणि आवाज कितीही सांभाळला तरी कमी पडतो.

## टप्पा १: नियम विचारा आणि शेजाऱ्याशी बोला

महापालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत असाल तर आरोग्य विभागात जाऊन घरगुती कोंबड्यांना परवानगी लागते का, ते विचारा. गावात असाल तर ग्रामपंचायतीत विचारा. बंगल्यांची सोसायटी असेल तर उपविधी वाचा आणि सचिवांच्या कानावर घाला. उत्तर लेखी मिळालं तर फाईलला लावून ठेवा. घर भाड्याचं असेल तर मालकाची संमती पहिली.

मग शेजारी. ज्यांची भिंत, खिडकी किंवा कुंपण तुमच्या परसाला लागून आहे, त्या प्रत्येक घरी स्वतः जा. निरोप किंवा व्हॉट्सॲप नको. बोलणं साधं ठेवा: "काकू, परसात चार कोंबड्या पाळायचं मनात आहे. कोंबडा ठेवणार नाही. खुराडं तुमच्या स्वयंपाकघराच्या बाजूला येणार नाही. तुम्हाला काही अडचण वाटते का?" शेवटचा प्रश्न विचारल्यावर थांबा आणि ऐका. कुणाला दमा असतो, कुणाच्या घरी रात्रपाळी करणारं माणूस सकाळी झोपतं, कुणाची वाळवणं त्याच बाजूच्या अंगणात पडतात, कुणाचा कुत्रा कोंबडी दिसली की सुटतो. खुराडं कुठे बसवायचं, हे या उत्तरांवर ठरवायचं असतं.

शेजारी शाकाहारी असतील तर दोन गोष्टी आधीच स्पष्ट सांगा: परसात पक्षी कापला जाणार नाही, आणि पिसं किंवा टरफलं त्यांच्या बाजूला उडणार नाहीत. मग तो शब्द पाळा. आणि अशा घरी आपुलकीने अंड्यांची पिशवी नेऊ नका. त्यांच्या तुळशीला, गुलाबाला कुजलेलं खत द्या. ते मनापासून घेतलं जातं.

तपासा: प्रत्येक शेजाऱ्याची निदान एक सूचना तुमच्याकडे आली आहे का? "करा हो, आमची काही हरकत नाही" एवढंच ऐकू आलं असेल, तर आवाज, वास आणि माश्या या तिन्ही गोष्टींची नावं घेऊन पुन्हा विचारा.

## टप्पा २: जागा ठरवा, आणि ती वाऱ्याकडे बघून ठरवा

लोक सावली बघतात, पाण्याची सोय बघतात, वारा मात्र बघत नाहीत. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो. खुराडं ओलं होऊन वास सुटण्याचा काळही नेमका हाच. म्हणजे खुराड्याच्या पूर्वेला आणि ईशान्येला ज्यांचं घर आहे, त्यांच्या खिडकीत तो वास जाणार. उरलेले आठ महिने सगळं कोरडं असतं, तेव्हा दिशेने फारसं बिघडत नाही. म्हणून जागा पावसाळ्याच्या हिशेबानेच निवडा: पूर्वेला रस्ता, मोकळा प्लॉट किंवा तुमचंच घर येईल अशी.

शेजाऱ्याच्या खिडकीपासून दहा-पंधरा फूट अंतर ठेवता आलं तर उत्तम. सामायिक कुंपणाला खुराड्याची भिंत करू नका. मध्ये निदान माणूस झाडू घेऊन फिरेल एवढी बोळ हवी, नाहीतर त्या फटीत घाण साठते आणि ती शेजाऱ्याच्या बाजूनेच दिसते. विहीर आणि बोअरवेलपासून लांब राहा. जमीन थोडी उंच हवी. पावसात जिथे टाच रुतते ती जागा बाद.

सावध: तुमच्या झोपायच्या खोलीपासून सगळ्यात लांबचा कोपरा म्हणजे बहुधा शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीजवळचा कोपरा असतो. शक्यतो खुराडं त्यांच्यापेक्षा तुमच्या घराला जवळ ठेवा. आवाज आणि वास आधी तुम्हाला कळला, तर तक्रार येण्याआधी हातपाय हलतात.

## टप्पा ३: खुराडं पक्की तयारी करून बांधा

रात्री झोपण्यासाठी एका कोंबडीला दोन चौरस फूट धरा आणि दिवसा फिरायच्या जाळीच्या कुंपणात प्रत्येकी दहा. सहा कोंबड्यांना चार बाय तीनचं खुराडं आणि त्याला जोडून दहा बाय सहाचा जाळीचा फिरायचा भाग पुरतो. यापेक्षा दाटी झाली की कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात, आणि दाटीच्या जागेत ओल वाढते.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे उन्हाची तिरीप सरळ आत शिरत नाही. उत्तर-दक्षिण बाजूंना जाळी आणि पश्चिमेची बाजू पूर्ण बंद. छपराची वळचण दीड-दोन फूट बाहेर काढा, आणि उतार तुमच्याच आवारात पडेल असा द्या. पत्रा असेल तर उन्हाळ्यासाठी वर झावळ्या किंवा उसाचं पाचट टाकायची सोय ठेवा.

षटकोनी भोकांची स्वस्त कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. तो ती दातांनी फाडतो, आणि मुंगसाचं पिल्लू तिच्यातून आत येतं. अर्ध्या इंची वेल्डमेश, म्हणजे जोडलेल्या तारांची चौकोनी जाळी, घ्या आणि ती जमिनीत फूटभर पुरा, कारण मुंगूस आणि घूस खालून येतात. रात्री कोंबड्यांवर हल्ला झाला की जो कालवा होतो, त्याने चार घरं जागी होतात. मजबूत जाळी हा शेजाऱ्याच्या झोपेवरचाही खर्च आहे.

आतली मांडणी अशी:

1. बसायला दोन इंच रुंदीची दांडी, प्रत्येकीला आठ-दहा इंच जागा.
2. दांडीखाली सरकवून बाहेर काढता येईल असा पत्रा किंवा जुनं प्लायवुड. कोंबड्या रात्रभर दांडीवर असतात, त्यामुळे बरीचशी विष्ठा इथेच पडते.
3. अंडी घालायला फूटभर लांबी-रुंदीची खोकी, चार कोंबड्यांमागे एक. खोकं दांडीपेक्षा खाली असावं, नाहीतर त्या खोक्यातच झोपतात आणि अंडी बरबटतात.
4. जमिनीवर भाताच्या तुसाचा किंवा लाकडी भुशाचा तीन इंचांचा कोरडा थर.

तपासा: पक्षी आणण्याआधी छपरावर दोन बादल्या पाणी ओता. पाणी कुठे पडतं, शिंतोडे आत येतात का, आणि ओघळ शेजाऱ्याकडे जातो का, ते उभं राहून बघा. गळती आत्ताच बंद करा. जुलैत तुसाखालची ओल काढणं फार कठीण जातं.

## टप्पा ४: पक्षी निवडा, तेही माद्याच

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. कोंबडी त्याच्याविना तितकीच अंडी घालते, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. तरीही "जोडी हवी" म्हणून कोंबडा आणला जातो आणि तक्रारींची सुरुवात तिथून होते.

एक दिवसाची पिल्लं घेतलीत तर ढोबळमानाने निम्मे नर निघणार, हे धरून चाला. नर-मादी ओळखून दिलेली पिल्लं नेहमीच मिळतात असं नाही. रस्त्यावर रंगवून विकतात ती पिल्लं तर बहुतेक अंड्यांच्या जातीतले नरच असतात. म्हणून शेजार जवळ असेल तर माझा सल्ला ठाम आहे: सोळा ते अठरा आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या, घ्या. महाग पडतात, पण दिसतंय ते घेता येतं, पिल्लांना ऊब देणारा ब्रूडरचा दिवा लागत नाही, आणि महिना-दोन महिन्यांत अंडी सुरू होतात.

जात कोणती? हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची ग्रामप्रिया अंड्यांसाठी चांगली. तिथलीच वनराज आणि बंगळुरूची गिरिराज अंगाने भारी, अंडी आणि मांस दोन्हीसाठी. गावरान कोंबडी काटक असते, पण वर्षाला साधारण साठ ते ऐंशी अंडी देते, वारंवार खुडूक होते (अंडी घालणं थांबवून उबवायला बसते), आणि हलकी असल्यामुळे सहज कुंपणावर चढते. अंगाने भारी कोंबडी उडत नाही, हा शेजाराच्या दृष्टीने मोठा गुण.

सगळ्या कोंबड्या एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी घ्या. चार बाजारांतून एकेक गोळा केली की राणीखेत, म्हणजे मानमोडी, हा रोग घरी आणण्याची शक्यता वाढते. नंतर भर घालायची झालीच तर नवी कोंबडी निदान दोन आठवडे वेगळी ठेवा. आणताना लसीकरण कधी, कुठलं झालं ते विचारून तारखा लिहून घ्या.

## टप्पा ५: कोंबडा निघालाच तर

पिल्लं घेतली असतील तर आठ ते बारा आठवड्यांत तुरा लाल आणि मोठा होतो, पाय जाड दिसतात, शेपटीची पिसं वळायला लागतात. आरवणं सुरू होण्याची वाट बघू नका. पिल्लं आणतानाच शेतावर राहणाऱ्या नातेवाइकाशी किंवा ओळखीच्या शेतकऱ्याशी बोलून ठेवा की नर तिकडे जातील.

कोंबडा सूर्य उगवल्यावर आरवतो हा समज चुकीचा आहे. तो पहाटे तीन-चारलाही सुरू होतो, आणि शेजारच्या गल्लीतल्या कोंबड्याला उत्तर देत राहतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. केरळमध्ये पथनमथिट्टा जिल्ह्यातल्या अडूर इथे २०२५ साली पहाटेच्या आरवण्याने झोपमोड होते ही तक्रार थेट महसूल अधिकाऱ्यांपर्यंत गेली. त्यांनी जागेची पाहणी करून घराच्या वरच्या मजल्यावरचं खुराडं आवाराच्या दुसऱ्या बाजूला हलवायला चौदा दिवस दिले. प्रकरण तिथवर जातं, हे लक्षात असू द्या.

खुराड्याचं छप्पर बुटकं करणं, रात्री पडदे लावून अंधार करणं, हे उपाय सांगितले जातात. मान ताणता आली नाही आणि उजेड दिसला नाही की आरवणं थोडं कमी होतं. बंद होत नाही. दाट वस्तीत "थोडं कमी" पुरत नाही. पिल्लंच हवी असतील तर कुणाकडून तरी फळलेली, म्हणजे कोंबडा असलेल्या कळपातली, अंडी आणून खुडूक कोंबडीखाली बसवा. एकवीस दिवसांत पिल्लं निघतात, कोंबडा पाळावा लागत नाही.

कोंबड्याही अगदी मुक्या नसतात. अंडं घातलं की पाच-दहा मिनिटं कोकलतात, पण ते बहुतेक सकाळी आणि दुपारच्या आत. भुकेल्या किंवा कोंडलेल्या कोंबड्या जास्त ओरडतात. म्हणून दार रोज ठरल्या वेळी उघडा, आणि दार उघडताक्षणी दाणा समोर असू द्या.

## टप्पा ६: रोजचं काम, म्हणजे ओल हटवणं

या लेखातला एकच टप्पा नीट वाचायचा असेल तर हा वाचा. कोंबड्यांचा वास खरं तर ओलीचा वास असतो. विष्ठेतला पांढरा भाग युरिक आम्ल असतो. तो कोरडा राहिला तर जवळपास वास येत नाही. ओला झाला की जिवाणू त्याचा अमोनिया करतात, आणि तोच नाकाला झोंबतो. म्हणजे झाडू जितका महत्त्वाचा, तितकंच पाण्याचं भांडं महत्त्वाचं.

क्रम असा ठेवा:

1. रोज सकाळी: दांडीखालचा पत्रा बाहेर काढा, खरवडा, वर मूठभर कोरडा तूस भुरभुरवा, परत सरकवा. चार कोंबड्यांना पाच मिनिटं लागतात.
2. रोज सकाळी: पाण्याच्या भांड्याभोवतीचा तूस हाताने चाचपा. ओला भाग उचलून टाका, तिथे कोरडा भरा. भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगा. जमिनीवर ठेवलेल्या परातीत त्या पाय घालतात आणि पाणी सांडतात.
3. आठवड्यातून दोनदा: सगळा तूस पंज्याने खालीवर करा. गरम हवेत माशीच्या अंड्यातून आठवडा-दहा दिवसांत नवी माशी उडते. तुमची फेरी त्याआधी झाली पाहिजे.
4. काढलेली विष्ठा थेट उकिरड्यावर नको. झाकणाच्या ड्रममध्ये किंवा खड्ड्यात दुप्पट वाळका पाला घालून थर द्या. दोन-तीन महिने कुजल्याशिवाय झाडांना घालू नका, ताजी विष्ठा मुळं जाळते.

तूस ओला आहे की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. मूठभर घ्या, घट्ट दाबा आणि मूठ उघडा. तूस सुटून विखुरला तर ठीक. गोळा तसाच राहिला तर तो थर आजच बदलायचा. दुसरी परीक्षा: खुराड्यात उकिडवं बसून कोंबडीच्या उंचीवर श्वास घ्या. उभं राहून जो वास येत नाही, तो खाली बसल्यावर येतो. डोळे चुरचुरले तर शेजाऱ्याला तो पोचलेलाच आहे.

सावध: वास आला की लोक ओल्या तुसावर चुना टाकतात. त्याने अमोनिया आणखी जोरात सुटतो आणि तासाभरात तक्रार येते. आधी ओला तूस पूर्ण काढा, जमीन वाळू द्या, मग चुन्याचा पातळ हात आणि त्यावर नवा तूस. फिनाईल मारून वास झाकण्याचाही उपयोग नाही.

## टप्पा ७: दाणा आणि उंदीर

अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला शंभर ते एकशेवीस ग्रॅम खाद्य लागतं, सोबत शिंपल्याचा चुरा. स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं तासाभरात संपेल एवढंच द्या.

संध्याकाळी खाद्याचं भांडं उचलून पत्र्याच्या डब्यात बंद करा. हे चुकलं की उंदीर येतात, उंदरांमागे धामण आणि नाग. अंगणात नाग निघाल्यावर शेजाऱ्याची तक्रार योग्यच असते. कोकणात आणि पावसाच्या पट्ट्यात उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टो या तापाची भीती आहेच. प्लास्टिकची गोणी उंदीर एका रात्रीत फोडतो, ती चालत नाही.

## टप्पा ८: मोकळं सोडताना

कोंबडी उकरते, आणि मेथीचा कोवळा वाफा तिला सगळ्यात आवडतो. शेजाऱ्याचा वाफा उकरला तर पहिल्याच दिवशी बी आणि मजुरी दोन्हीचं बोलून टाका. मोकळं सोडायचं ते संध्याकाळी शेवटचा तासभर, तुम्ही अंगणात असताना. अंधार पडला की त्या आपणच खुराड्यात परततात.

कुंपण ओलांडणारी असेल तर एकाच पंखाची बाहेरची लांब पिसं कापा, म्हणजे तोल जातो आणि ती उडत नाही. दोन्ही पंख कापले तर तोल राहतो आणि ती धडपडत का होईना वर चढते. निळसर, रक्त असलेल्या कोवळ्या पिसांना कात्री लावू नका.

## टप्पा ९: आजारपण लपवू नका

लासोटा (मानमोडीवरची), गंबोरो आणि देवी या रोगांवरच्या लशींचं वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्या. अडचण अशी की एक कुपी निदान शंभर-दोनशे पक्ष्यांची असते आणि उघडल्यावर थोड्याच वेळात वापरावी लागते. गल्लीत आणखी कुणी कोंबड्या पाळत असेल तर एकच दिवस ठरवून सगळ्यांच्या कोंबड्यांना मिळून द्या. यात खर्च वाटला जातो, आणि त्यांच्याकडची मानमोडी तुमच्याकडे यायचीही थांबते.

एखादी कोंबडी मेली तर दोन-तीन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. घंटागाडीत किंवा ओढ्यात टाकू नका. एकदम तीन-चार मेल्या, तोंड सुजलं, तुरा निळा पडला, तर उरलेल्या विकू नका, कुणाला देऊ नका. पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर किंवा दवाखान्यात त्याच दिवशी कळवा. बर्ड फ्लू निश्चित झाला तर एक किलोमीटरच्या परिसरातल्या सगळ्या कोंबड्या, शेजाऱ्यांच्या परसातल्याही, नष्ट केल्या जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत राहते. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्री शेडमध्ये २००६ साली तो देशात पहिल्यांदा आला. २०२५ मध्ये उरणच्या चिरनेरला तो घरगुती कोंबड्यांतही निघाला. एकाने लपवलं तर सगळ्या आळीचं नुकसान होतं.

## टप्पा १०: तक्रार आलीच तर

दारात वाद घालू नका. "तुम्हाला नेमका कधी त्रास होतो?" एवढंच विचारा आणि वेळ लिहून घ्या. पहाटेचा असेल तर आवाज, पावसानंतरचा असेल तर ओल, दुपारचा असेल तर बहुधा माश्या. त्याच संध्याकाळी कारण शोधा, दोन दिवसांत बदल करा, आणि आठवड्याने स्वतः जाऊन "आता कमी झालं का?" विचारा. लोक पहिली दोन कामं करतात आणि ही शेवटची फेरी विसरतात. त्यामुळे शेजाऱ्याला वाटतं की कुणी ऐकलंच नाही, आणि पुढची तक्रार नगरपरिषदेत जाते. तिथून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपर्यंत जाऊ शकते, आणि ते उपद्रव हटवण्याचा आदेश देऊ शकतात.

सगळं करूनही त्रास राहिला तर संख्या कमी करा. सहाच्या तीन केल्या की घाण निम्मी होते, आणि घरापुरती अंडी तरीही मिळतात. गावाला जाताना कोंबड्या चार दिवस कोंडून ठेवू नका. कुणाला तरी चावी द्या, सकाळचा पत्रा कसा खरवडायचा ते दाखवा, आणि त्या दिवसांची अंडी त्यांचीच, असं आधी सांगा.